दुप्पट ताकदीची बॅटरी आणि सतरा तारखेचा फोन

ती. अक्कास,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (गुडघ्यांमुळे प्रत्यक्ष घालता येत नाही, कागदावर पुरा घातला आहे असं समज.) तुझी तब्येत कशी आहे, जिना अजून दिवसातून दोनदा चढतेस का, डोळ्यांत थेंब घालायचं आठवतं का, हे सगळं खरं तर फोनवरच विचारायचं. पण गेले चार आठवडे तू माझा फोन उचलत नाहीस, म्हणून सत्तावीस वर्षांनी पत्र लिहायला बसलो आहे. शुद्धलेखनाच्या चुकांवर लाल गोल काढून पत्र परत पाठवू नकोस. मागच्या वेळी पाठवलं होतंस, आणि खाली शेराही मारला होतास.

तर मुद्दा असा. सतरा तारखेला, रविवारी, संध्याकाळी पाच वाजता आपलं नेहमीप्रमाणे बोलणं चालू होतं. (म्हणजे तुझं चालू होतं. तासातली पन्नास मिनिटं तुझी, दहा माझी, ही वाटणी मला लहानपणापासून मान्य आहे.) बोलता बोलता तू एकदम म्हणालीस, "तीन मजले आता झेपत नाहीत रे. तुझ्याकडे येऊन राहू का?" आणि नेमका तेव्हाच फोन बंद पडला. बॅटरी संपली. तू मात्र अशी समजूत करून घेतलीस की मी फोन ठेवला, आणि तुझ्या चिरंजीवाकरवी निरोप धाडलास, "त्याला सांग, उत्तर कळलं." अक्का, तुला उत्तर कळलेलं नाही. एका बॅटरीपायी सख्खी बहीण भावाशी बोलायची थांबते म्हणजे काय? त्या बॅटरीची कुंडली तुझ्यासमोर मांडावी, म्हणून हा खटाटोप.

निरोप घेऊन तुझ्या चिरंजीवाचा फोन आला, तेव्हा त्यालाही मी हेच सांगितलं, की बॅटरी गेली रे बाबा. तो पडला उत्साही. (हा गुण त्याने बापाकडून घेतला. आपल्या घरात उत्साहाचा रोग कोणालाच नव्हता.) पाचव्या दिवशी त्याने परस्पर मागवलेलं खोकं माझ्या दारात. आत माझ्या फोनच्या मापाची नवी बॅटरी. माझा फोन पाठ उघडता येणाऱ्या जुन्या पिढीतला आहे हे तुला ठाऊक आहेच, तू त्याला साबणदाणी म्हणतेस. खोक्यावर सोनेरी अक्षरांत लिहिलं होतं, "दुप्पट ताकद". त्याखाली "बहात्तर तास निश्चिंत". त्याखाली एक सिंह. बॅटरीशी सिंहाचा काय संबंध, हे मला अजून कळलेलं नाही. सिंह दिवसातले वीस तास झोपतो असं ऐकून आहे, तेवढं एक साम्य मात्र पुढे आढळलं.

आता तू म्हणशील, बसवायची आणि वापरायची, एवढं काय त्यात. पण चौतीस वर्षं ज्याने वजनमापं तपासण्यात घालवली, त्याच्या हाताला काही सवयी लागतात. दुकानदाराने वजन पुढे केलं की आधी ते उलटं करून बुडाचं शिसं बघायचं. भोक पाडून शिसं काढून घेतलेली वजनं मी पोत्यांनी जप्त केली आहेत. त्यामुळे हातात आलेली वस्तू मी उलटी करतोच. जुन्या बॅटरीवर लिहिलं आहे दोन हजार सहाशे एमएएच (आत किती वीज मावते त्याचं हे माप). नवीवर पाच हजार दोनशे, बरोब्बर दुप्पट. लांबी तीच, रुंदी तीच, जाडी तीच. मी आतल्या खोलीतला सोनाराचा छोटा काटा काढला. जुनी भरली सेहेचाळीस ग्रॅम. नवी अडतीस. पिशवी तेवढीच, आत धान्य म्हणे दुप्पट, आणि उचलून बघावं तर हलकी! पुन्हा तोललं, तिसऱ्यांदा तोललं. (तीनदा तोलल्याशिवाय शेरा नाही, हा आमच्या खात्याचा नियम.) अडतीस म्हणजे अडतीस. हे तुझ्या शाळेतल्या चौथीच्या मुलींनीसुद्धा ओळखलं असतं, पण ते खोकं तयार करणाऱ्यांना गिऱ्हाईक चौथी नापास हवं असतं.

तरीही वजनावरून शिक्षा ठोठावणं बरं नव्हे, म्हणून तीन दिवस रीतसर चाचणी घ्यायचं ठरवलं. फोन पूर्ण भरायचा, त्यावरून घरच्याच लँडलाइनला फोन लावायचा, लँडलाइनचा रिसीव्हर उचलून टेबलावर ठेवायचा, आणि मोबाइल मरेपर्यंत घड्याळ घेऊन समोर बसायचं. (लँडलाइन चालू होती तर त्या दिवशी तिच्यावरून उलटा फोन का नाही केलास, असं तू आता विचारशील. त्याकडे येतो.) तिन्ही दिवस मी दोन फोनांच्या मधोमध गप्प बसून होतो. दुसऱ्या दिवशी शेजारीणबाई वाटीभर साखर परत करायला आल्या, त्यांनी हे दृश्य पाहिलं, वाटी ठेवली आणि पावलं न वाजवता परत गेल्या. संध्याकाळी त्यांचे यजमान येऊन माझ्याजवळ अर्धा तास बसले. कोण गेलं ते विचारायचा त्यांना धीर होईना, आणि कोणी गेलं नाही हे सांगायचं मला सुचेना.

निकाल असा. नवी बॅटरी पहिल्या दिवशी दोन तास वीस मिनिटं टिकली, दुसऱ्या दिवशी दोन तास पाच, तिसऱ्या दिवशी एक तास पन्नास. बहात्तर तास निश्चिंत! आणि मरायची तऱ्हा तरी कशी. तासभर काटा शंभरवर ठाम, जणू वीज खर्च होतच नाही. मग एकदम साठ. मग एकतीस. आणि एकतीसवरून थेट अंधार. आमच्या वेळचे लबाड व्यापारी निदान थोडं थोडं मारायचे, किलोमागे पन्नास ग्रॅम. त्या लबाडीतही काही मर्यादा होती, गिऱ्हाइकाच्या पोटाचा थोडा विचार होता. इथे निम्म्याहून कमी माल भरायचा आणि वर दुप्पट लिहायचं, म्हणजे काय म्हणावं? आणि खोटं बोलायचंच तर पाच हजार एकशे सदतीस वगैरे काहीतरी लिहा, ऐकणाऱ्याला निदान कोणी मोजलं असेल असं वाटेल. बरोब्बर दुप्पट लिहिणारा माणूस लबाड तर आहेच, वर आळशी आहे.

तुलनेसाठी जुनी बॅटरीही त्याच पद्धतीने तपासली. ती बिचारी सात वर्षांची म्हातारी तिन्ही वेळा पाच तासांच्या पुढे गेली. सरासरी पाच तास दहा मिनिटं.

मग नवी बॅटरी घेऊन चौकातल्या मोबाइल दुरुस्तीवाल्याकडे गेलो. त्याला सगळे डॉक्टर म्हणतात, कारण तो फोन हातात घेतल्या घेतल्या मान हलवतो. पहिल्या दिवशी म्हणाला, "काका, नव्या बॅटरीला अंगवळणी पडायला आठ दिवस लागतात." मी म्हटलं, ही बॅटरी आहे की नवी सून? दुसऱ्या दिवशी म्हणाला, तुमच्या भागात नेटवर्क कमी, त्याने वीज खाल्ली. तिसऱ्या दिवशी मी नोंदवही त्याच्यापुढे उघडली, तारीख, वेळ, टक्के, सगळं. त्याने ती मनापासून वाचली, आणि मग अगदी मायेने म्हणाला, "काका, आकडा कोणी खरा मानतं का? आकडा विश्वासासाठी असतो." चौतीस वर्षांत शंभर दुकानदारांकडून हे ऐकलं होतं, पण इतक्या निर्मळ चेहऱ्याने कोणी म्हटलं नव्हतं. मी तिथेच त्याच्या काउंटरवर नखाने बॅटरीचं लेबल खरवडायला घेतलं. पाच हजार दोनशेचा कागद निघाला, खाली दुसरा कागद, तीन हजार आठशे. तोही निघाला, खाली तिसरा, बाराशे. जुन्या घराच्या भिंतीवरून रंगाचे पापुद्रे निघावेत तसं. डॉक्टर वाकून बघत होता. "अरेच्चा," तो म्हणाला, "म्हणजे कुठेतरी खरं लिहिलं होतं की!"

बॅटरी उचलून घरी आलो. खोकं पाठवणाऱ्यांना तक्रार लिहिली. त्यांचं उलट उत्तर आलं, की आमची वस्तू आवडल्याबद्दल आभार, पाच चांदण्या द्या. खात्यातल्या सवयीने मी बॅटरीवर खडूने फुली मारली, खोट्या वजनावर मारायचो तशी, आणि ती पुन्हा फोनात घालून ठेवली. दुसऱ्या दिवशी तिने फुलायला सुरुवात केली. वजन वाढलं नाही, पोट मात्र वाढलं. फोनची पाठ टप्पकन उडून कपाटाखाली गेली, ती झाडूच्या दांड्याने काढताना माझी कंबर धरली. आता ती बॅटरी गच्चीवर, रिकाम्या कुंडीत, वाळूखाली एकटी पडून आहे. शेजारीणबाई तिकडे बघून लांबून जातात. त्यांचा समज आणखी पक्का झाला असणार.

अक्का, एवढं सविस्तर लिहिण्याचं कारण इतकंच, की माणसाने बॅटरीवर विसंबू नये, आणि बॅटरी बंद पडली म्हणून माणसाबद्दल गैरसमज करून घेऊ नये. तू सुज्ञ आहेस. रविवारी पाच वाजता फोन करीन, तो उचल. थेंब घालत जा. जिन्यावर कठडा धरून चढ.

तुझा,
धाकटा

ता. क. तुझ्या चिरंजीवाला कळव की बॅटरी अप्रतिम आहे, मामा खूश आहे. त्याने हौसेने पाठवली, त्याचं मन मोडवत नाही. आणखी काही पाठवू नकोस, एवढंही सांग.

आणखी एक ता. क. नोंदवहीची नक्कल सोबत जोडली आहे, म्हणजे मी हवेत बोलत नाही हे तुला पटेल. सतरा तारखेच्या ओळीकडे विशेष लक्ष देऊ नकोस.

तिसरा ता. क. लक्ष दिलंस ना? तू देणारच. चाळीस वर्षं मुलींच्या गणिताच्या वह्यांत तू उत्तर सोडून रीतच तपासत आलीस. पाच तास दहा मिनिटं चालणारी बॅटरी तासाभराच्या बोलण्यात कशी संपली, हे तू नोंदवही न उघडताही विचारणार होतीस. म्हणून मीच सांगतो. रविवारचं आपलं बोलणं संपलं की मी त्या वहीत वेळ आणि टक्के टिपतो, हे मी तुला कधी सांगितलं नव्हतं. सतरा तारखेला फोन थांबला तेव्हा बॅटरी ऐंशी टक्के होती. फोन मी ठेवला. लँडलाइनही चालू होती. तिच्यासमोर मी त्या दिवशी साडेसात वाजेपर्यंत बसलो होतो.

का ठेवला? घाबरलो, अक्का. ही गेल्यापासून नऊ वर्षं मी स्वयंपाकघरात उभ्यानेच पातेल्यातून जेवतो. आतल्या खोलीत पलंगाच्या जागी काटे आणि वजनं आहेत, त्यांच्यावरची धूळसुद्धा सहा महिन्यांची आहे. तू येऊन हे बघशील, आणि काही न बोलता फक्त बघशील, या कल्पनेने माझा हात बटणावर गेला. एका मिनिटाने उलटा फोन केला असता तर चाललं असतं. तासाने कसा करणार? दुसऱ्या दिवशी कसा करणार? मग तुझ्या लेकाला बॅटरीचं नाव सांगून मोकळा झालो, आणि त्या वेड्याने खरंच बॅटरी पाठवली. जन्मभर लोकांची खोटी वजनं पकडली आणि म्हातारपणी सख्ख्या बहिणीला हलकं माप दिलं. त्या डॉक्टरला हसायचा मला काय अधिकार?

शेवटचा ता. क. आतली खोली रिकामी केली. काटे माळ्यावर गेले, सोनाराचा छोटा काटा तेवढा खिडकीत ठेवला आहे, त्याला हात लावू नकोस. पलंग आणला. घर तळमजल्यावर आहे, दारापाशी एकच पायरी, तिच्यावर तूच सांगशील तसा कठडा बसवू. तुझ्या प्रश्नाचं उत्तर, हो. ये. साबणदाणीत जुनीच बॅटरी परत घातली आहे, आणि रविवारी तुझं बोलून पुरं होईपर्यंत मी फोन ठेवणार नाही. (फक्त पाच तास दहा मिनिटांच्या पुढे गेलीस तर ती खरोखरच बंद पडेल. तेव्हा तरी रुसू नकोस.)