अक्का, डाव्या कुशीवर वळा

प्रिय अक्का,

आत्ताच योगवर्गावरून आले. चहासुद्धा ठेवला नाही, तशीच लिहायला बसले. आज जानेवारीची एक तारीख, शेजारणीसाठी संकल्प सांगायचा दिवस. आणि माझ्या शेजारची सतरंजी रिकामी! मग तुम्हाला नाही सांगायचं तर कुणाला?

ही रीत तुमचीच. "सोताचा संकल्प सोताच केला की मानूस सोताला सूट देतंय," म्हणायचात. "शेजारनीनं सांगायचा. तिला ठावं असतंय आपलं काय ऱ्हायलंय." नवरे कंपनीच्या बसनं गेले की आम्ही शिरूरच्या त्या शाळेच्या व्हरांड्यात जमायचो. वर्ग तुम्ही घ्यायचात, पण या दिवशी मात्र माझ्या शेजारी येऊन बसायचात.

गेल्या वर्षी म्हणालात, "यंदा सुमन वर्गाम्होरं उभी ऱ्हाऊन बोलंल." सगळ्या हसल्या. मला तर दुकानात साखर मागतानाही घाम फुटतो! मी तुमच्यासाठी म्हणाले, "अक्का यंदा डॉक्टरकडं जातील." छातीला हात लावून खांबाला टेकलेलं मी पाहिलं होतं ना तुम्हाला.

"ग्यास हाय गं. पवनमुक्तासन केलं की पळतोय."

किती रागावू तुमच्यावर? आमचे गुडघे, आमच्या कंबरा, आमच्या सासवासुद्धा सांभाळल्यात. आणि स्वतःचं दुखणं मात्र गुडघे पोटाशी घेऊन दाबत राहिलात. दवाखान्यात नंबर लावते म्हटलं, तर "दिवाळी हू दे." दिवाळीपर्यंत तरी थांबायचं होतं, अक्का!

तुम्ही गेलात त्या दिवशी तुम्हाला दारात निजवलं होतं. बायका रडत होत्या. मी वाकून तुमचे तळवे वर वळवले, पायांत थोडं अंतर ठेवलं, शवासनात ठेवतात तसं. मग वाट बघत बसले. तुमच्या सुनेनं हाताला धरून उठवलं, तेव्हा कळलं की शवासनातून उठवताना तुम्ही म्हणायचात तसं मी पुटपुटत होते, "हळूच डाव्या कुशीवर वळा." वेडीच ना मी?

त्यानंतर वर्ग भरलाच नव्हता. आज सगळ्या आल्या, पण पुढं कुणी जाईना. तुमची सतरंजी मीच अंथरली होती. रखमाकाकू म्हणाल्या, "ऊठ की सुमन. अक्कानं सांगून ठिवलंय न्हवं?"

उठले. वर्गापुढं उभी राहून बोलले, एकेक आसन सांगितलं. शेवटी शवासन आलं. सगळ्या निपचित, डोळे मिटलेल्या. मला भीतीच वाटली हो! घाईनं म्हणाले, "डाव्या कुशीवर वळा. उठा गं, उठा सगळ्या." सगळ्या उठल्या, अक्का. तुमची सतरंजी तेवढी तशीच राहिली.

मग संकल्प. तुमच्यासाठी काय म्हणणार? म्हटलं, "अक्कांचा राहिलेला संकल्प आता आपला सगळ्यांचा. सगळ्यांनी तपासून घ्यायचं." रखमाकाकू छाती चोळत हसल्या, "मला काय झालंय? नुसता ग्यास हाय."

उद्याच त्यांना हाताला धरून दवाखान्यात नेते. रडल्या, भांडल्या तरी नेते. दिवाळीची वाट बघणार नाही, शब्द देते.

तुमच्या शेजारच्या सतरंजीवरची,
सुमन