तू उठायचीस

प्रिय आई,

माझ्या खिडकीवरून एक आजारी माणूस तसाच परत गेला आणि आता तो सापडत नाही. डोक्यातून ते जातच नाही. तुझ्याशिवाय कुणाला सांगू?

तू गेलीस आणि अनुकंपेवर तुझी नोकरी मला मिळाली. तोच दवाखाना, तीच केसपेपरची खिडकी, एका बाजूला कललेली तुझीच खुर्ची. ऑर्डर हातात पडली तेव्हा मला बरं वाटलं होतं, आई. आता त्याचीही लाज वाटते.

तुझे गुडघे आठवतात. तू घरी आलीस की मी तेल चोळायचे आणि तुझ्यावरच चिडायचे. "नाव पुकारायला खुर्चीतून उठतेस कशाला? बसल्या जागी ओरडावं मोठ्याने." तू हसायचीस. "ओरडल्याने कान येतात का गं?" मला वाटायचं, थट्टा करतेयस. नीट समोर बसवून का नाही सांगितलंस? एवढी शहाणी समजलीस होय मला?

गेल्या मंगळवारी खूप गर्दी होती. "सलीम" म्हणून तीनदा पुकारलं. कुणी आलं नाही, मी कागद खाली सारला. खिडकी लावताना एक उतारवयाचा माणूस पुढे आला. सकाळपासून समोरच्याच बाकावर बसला होता.

"मॅडम, मेरा नाम आया क्या?"

"तीन बार पुकारा. बहरे हो क्या?"

माझ्या तोंडाकडे बघत तो म्हणाला, "हाँ. लूम पे कान गया." रागाने नाही, पत्ता सांगावा तसं म्हणाला.

तरी मी हाताने खूण केली, "कल आना." डॉक्टर अजून आत होते. एक कागद द्यायला किती वेळ लागला असता, आई? तो खोकत निघाला. तोंडावरच्या रुमालाला रक्त होतं. ते मी पाहिलं. पाहूनही खिडकी लावली.

झाडलोट करणाऱ्या मावशी मागे उभ्या होत्या, त्याच, तुला दिघाशीहून भाजी आणून द्यायच्या त्या. म्हणाल्या, "तुझी आय उठून जायाची गं. खांद्याला हात लावायची. लूमवरच्या मानसाला हाक ऐकू न्हाय येत." एवढ्यासाठी तू ते गुडघे झिजवलेस?

दुसऱ्या दिवशी तो आला नाही. त्यानंतरही नाही. केसपेपरवर पत्त्याच्या जागी फक्त गावाचं नाव, "कोन", एवढंच लिहिलंय, माझ्याच अक्षरात. रविवारी कोनला गेले. यंत्रमागाच्या कारखान्यांच्या दारांत उभी राहून विचारत फिरले. त्या खडखडाटात माझा आवाज मलाच ऐकू येईना. घसा बसला. कुणी मान वर केली नाही. शेवटच्या दारात मला रडूच फुटलं.

तेव्हा खांद्यावर हात पडला. एक म्हातारा कारागीर लूम बंद करून आला होता. मला बाहेर नेलं आणि माझ्या ओठांकडे बघत म्हणाला, "अब बोलो, बेटी."

मी नाव सांगितलं. "सलीमभाई? वो तो गाँव गया. बहुत खून आ रहा था." कुठलं गाव, त्याला ठाऊक नव्हतं. त्याने फोन लावून दिला. बंद होता.

कोण कुठली मी, आणि माझ्यासाठी त्याने चालतं लूम थांबवलं. मला खुर्चीतून उठणंही जड झालं होतं.

सलीमचा केसपेपर खणात सगळ्यात वर ठेवलाय. कुठल्या तरी दवाखान्यात पोहोचला असेल ना गं तो? तिथे कुणी उठलं असेल का त्याच्यासाठी? खोटं तरी "हो" म्हण.

आता यापुढे एकही नाव मी बसून पुकारणार नाही. माझे गुडघे अजून चांगले आहेत, आई.

तुझी,
सुमी