ईशानीच्या पोटात प्लीहा नाही, याबाबत

प्रति,
मा. वैद्यकीय अधीक्षक,
श्री नृसिंह धर्मादाय रुग्णालय, झाशी

विषय : कु. ईशानी हिला प्लीहा नसल्याचे मान्य करून तिच्या रक्ताची काच सूक्ष्मदर्शकाखाली पाहणेबाबत.
संदर्भ : अर्जदाराचे यापूर्वीचे हिंदी अर्ज, जे बाबूंच्या टेबलावरून पुढे सरकले नाहीत.

महोदय,

१. अर्जदार रमाकांत धामणकर, राहणार मानिक चौकामागे, सविनय कळवितो की, त्याची कन्या ईशानी आपल्या महिला वॉर्डात आहे. ताप हटत नाही, डोळे हळदीसारखे पिवळे, लघवी काळ्या चहासारखी. रक्त चढवावे तर तेही आतल्या आत फुटते. मलेरियाचे कार्ड निगेटिव्ह आल्यापासून कावीळ समजून नुसते सलाईन चालू आहे.

२. बरुआसागरच्या रस्त्यावर स्कूटर उलटून ईशानीची प्लीहा फुटली होती व ती आपल्याच रुग्णालयात काढली गेली. अलीकडे समथरला मैत्रिणीच्या गोठ्यात तिला गोचीड चावली. वॉर्डातील डॉ. शलाका म्हणतात, गोचिडीतून रक्तात शिरणारा एक जंतू प्लीहा नसलेल्याचा जीव घेतो. मलेरियाच्या कार्डावर तो सापडत नाही; काचेवर डोळ्यांनीच शोधावा लागतो.

३. परंतु सोनोग्राफीच्या छापील नमुन्यात "प्लीहा सामान्य" असे आधीपासूनच छापलेले असते, ते तसेच राहिले आहे. सूक्ष्मदर्शक ज्यांच्या कुलपात आहे ते बाबू म्हणाले, "काग़ज़ में तिल्ली है, तो है, भाईसाहब. नहीं है, तो निकालने की रिपोर्ट लाइए."

४. तसा रिपोर्ट नाही. शस्त्रक्रियेचे कागद आपल्या दप्तरात सापडत नाहीत म्हणतात. देहाचा भाग कचऱ्यात जाऊ नये, ही आमच्या घरची रीत. अर्जदाराची थोरली बहीण कमल हिने ती प्लीहा तपासणीला जाऊ न देता डब्यात मागून घेतली आणि तीळ-दर्भ घालून बेतवा नदीत सोडली. बेतवा पावती देत नाही.

५. प्लीहा नसल्याची खूणही त्याच काचेवर, लाल पेशींत दिसते म्हणे. म्हणजे काच पाहण्यासाठी जो पुरावा हवा, तो काच पाहिल्याशिवाय मिळत नाही. अर्जदाराने जन्मभर गणित शिकविले, पण हे त्याला सुटत नाही.

६. हा अर्ज मराठीत अशासाठी, की बाबूंना वाचता न आल्याने तो निदान आपल्या हाती पडेल. आपणही इथल्याच मराठी घरातले. अर्जदार फार घाबरला आहे. आज सकाळी ईशानीने बापाला ओळखले नाही. प्लीहा नाही, हे शवविच्छेदनानंतर बाबूही मान्य करतील. अर्जदाराला तो कागद नको आहे.

वॉर्डाच्या दारात उभा,
आपला नम्र,
रमाकांत धामणकर
दि. २२ सप्टेंबर २०२५

सोबत : रक्ताची काच, रुमालात गुंडाळलेली. डॉ. शलाकांनी रंगवून दिली आहे. फक्त पाहायची आहे.