शेषरावचे जाहीर आभार

६ जानेवारी १९७४, रविवार
चर्चच्या उपासनेत पाळकसाहेबांचा उपदेश: जो आभार मानत नाही, धीर देत नाही, तो कसला ख्रिस्ती पुढारी! बोलताना पूर्ण वेळ माझ्याकडे पाहत होते. मंडळीच्या कबड्डी टीमचा लीडर मी, म्हणून? संताप आला. तरी संकल्प केला. आजपासून राग बंद. रोज प्रत्येक खेळाडूला थँक्स, रोज उत्तेजन. २६ला मालेगावचा कप आपलाच. आमच्या शेषरावसारखा चढाई करणारा पंचक्रोशीत नाही.

७ जाने.
बाबूलाल प्रॅक्टिसला उशिरा आला. आल्याबद्दल आभार मानणारच होतो, पण आधी उशीर काहून झाला ते विचारलं. विचारता विचारता अंधार पडला. आभार राहिले. चूक त्याची.

१० जाने.
शेषरावने एका चढाईत तिघं बाद केले. मी स्वतःहून शाबास म्हणालो! डोक्यात हवा जाऊ नये म्हणून लगेच चुकाही सांगितल्या. पुष्कळ निघाल्या. तर म्हणे, सर, शाबासवरच थांबले असते तं काय बिघडलं असतं? उद्धट लेकाचा! मी त्याला क्षमा केली. सगळ्यांना ऐकू जाईल अशी, ओरडून.

१३ जाने., रविवार
आभार मानायचे तर जाहीर! उपासनेनंतर शेषरावला पुढे बोलावलं. झेंडूचा हार, टोपी, दुपट्टा. भाषण केलं. आमच्या शाळेच्या हेडमास्तरांची बदली झाली तेव्हा केलं होतं तेच, फक्त नाव बदललं. आपली सेवा चिरस्मरणीय राहील, जिथे जाल तिथे प्रभू सोबत असो. त्याची आई धुरपताबाई पदर डोळ्याला लावून रडायला लागली. काय इफेक्ट! पाळकसाहेबांनी कपाळाला हात लावला. जळतात.

१६ जाने.
शेषराव रविवारपासून प्रॅक्टिसमधून गायब. आज कळलं, मंगरूळपीरच्या टीमकडून खेळून राह्यला! बाबूलालला म्हणे, सरनं मले चारचौघांत हार घालून मोकळं केलं, आता कोनत्या तोंडानं येऊ? अरे मूर्खा! पाळकसाहेब उलट मलाच म्हणतात, आपल्याकडे हार-टोपी देऊन आभार मानतात ते जाणाऱ्याचे; त्याच्या घरी जा, तू आम्हाला पाहिजे एवढंच म्हण. मी जाऊ? लीडर कोण आहे?

१८ जाने.
गेलो. मन मोठं ठेवावं लागतं. सुरुवात गोड केली. मध्येच त्याला येशूला धरून देणारा यहूदा इस्कर्योत म्हणालो. कृतघ्नही म्हणालो. तो मान खाली घालून ऐकत होता. धुरपताबाई म्हणे, भाऊ, त्याले ये म्हना, तो आत्ता येते. तेवढं म्हणायचं राहून गेलं. चहा तसाच टाकून निघालो. भोगेल तो.

२६ जाने., मालेगाव
फायनल. समोर मंगरूळपीर. शेषरावच्या जागी मीच चढाईला गेलो. त्यानेच घोटा धरला. तोंडावर आपटलो, दम तुटला. हरलो.
सामना संपल्यावर तो धावत आला. माझ्या अंगावरची माती झटकली. लागलं तं नाही ना, सर, म्हणे. हे पकड तुमीच शिकवली, तुमचे लय उपकार हायेत. ना हार, ना भाषण. मला रडू येत होतं. परत ये म्हणायचं होतं. मी म्हणालो, पकड ढिली होती, किती वेळा सांगितलं तुला!
तो हो सर म्हणाला आणि मंगरूळपीरच्या ट्रकमध्ये जाऊन बसला.