अडीच किलोच्या आत

५ डिसेंबर, मंगळवार
यवतमाळहून संध्याकाळी परत. डॉ.नी एक्स-रे उजेडावर धरला. धनूच्या पाठीचा कणा डावीकडे बाक घेऊन उभा. मला आधी वाटलं, फिल्मच तिरकी धरलीय.
सोळाव्या वर्षी पोरीला पट्टा. कपड्यांच्या आत, दिवसभर बांधायचा.
"बाक इथंच थांबेल की वाढेल, आज सांगता येत नाही. दीड महिन्यानं पुन्हा फोटो काढू. तोवर पाठीवर अडीच किलोच्या वर काही नको. जमत नसेल तर यंदाचं वर्ष सोडा."
एस.टी.नं परत निघालो. करंजी फाट्यावर सौ.नं पेरू घेतले. कुणी खाल्ले नाहीत.

६ डिसेंबर, बुधवार
काउंटर बंद झाल्यावर धनूची बॅग पोस्टाच्या काट्यावर ठेवली. सात किलो दोनशे दहा. वीस वर्षं गावाची पार्सलं जोखून राहिलोय, ही एक बॅग आजवर जोखली नव्हती. स्वतःचाच राग आला.
रोज मारेगाव ते वणी एस.टी., बहुधा उभ्यानं. मग स्टँडपासून कॉलेज, कोळशाच्या ट्रकांच्या धुळीतून पायी. अकरावी सायन्सची पुस्तकं म्हणजे विटा आहेत. चाकांची बॅग म्हणावी तर त्या गर्दीत ती चढवणार कोण?
सौ. स्वयंपाक करता करता, "सोडा ते सायन्स. आर्ट्सचा बाहेरून फॉर्म भरा. घरी बसून शिकीन पोरगी. पाठ गेली तं कायचं सायन्स?"
धनू उठून गेली. नंतर पाहिलं तर फ्रिजवर जर्नल ठेवून उभ्यानं आकृत्या काढत होती. बसलं की दुखतं.

७ डिसेंबर, गुरुवार
धनू सकाळीच कागद घेऊन आली. सगळी पुस्तकं नेटवर पीडीएफमध्ये आहेत. वर्गशिक्षकांना फोन केला म्हणे, त्यांनी परवानगी दिली. पुस्तकं न आणता लॅपटॉप आणला तरी चालेल, नोट्सही त्यातच. मोबाइलवर का नाही? "दोन तास मोबाइलवर केमिस्ट्री वाचून दाखवा बाबा." बरं.
कागदावर लिहिलेलं: पातळ बॅग, डबा, एक वही मिळून एक किलो. पाणी कॉलेजात. उरला दीड किलो. म्हणजे लॅपटॉप दीडच्या आतला, आणि बॅटरी दिवसभर टिकणारी, कारण चार्जर न्यायला वजन शिल्लक नाही.
सौ. म्हणाली, पाहा बापा. म्हणजे हो.
मला लॅपटॉपमधलं ओ की ठो कळत नाही. पण वजन कळतं.

९ डिसेंबर, शनिवार
साळेबुवा हजर. गजू, सौ.चा धाकटा भाऊ. यंदा बोंडअळीनं त्याच्या पऱ्हाटीचं वाटोळं केलं, दुसऱ्या वेचणीनंतर उभ्या पिकात ट्रॅक्टर घातला. तरी माणूस येतो तो हसतच. पिशवीतून कापूस मोजायचा ताणकाटा काढला. पितळी नळी, वर कडी, खाली टांगायचा आकडा, पाव-पाव किलोच्या खुणा.
"भाऊजी, दुकानदारावर इस्वास नोका ठेवू. माह्या काटा घेऊन चला. यंदा त्याले तसंबी काम नाही."
पोस्टाचा काटा काही उचलून नेता येत नाही. कल्पना मलाच आवडली, हे लिहून ठेवतो.

१० डिसेंबर, रविवार
मी, धनू, गजू. यवतमाळात रविवार असून एक दुकान अर्धा दिवस उघडं होतं. मालक तरुण, बोलका. नीट बसवून विचारलं, "काम काय करायचं?" धनू म्हणाली, "पीडीएफ वाचायची, नोट्स टाइप करायच्या, नेट पाहायचं. बस." तो म्हणाला, मग मोठ्याची गरजच नाही. एक काळा लहानसा पुढं ठेवला. साठवायला जागा कमी, पण बॅटरी भरपूर.
मी म्हटलं, वजन करू. गजूनं दुकानाच्या दारात काटा धरला, धनूची ओढणी बांधून झोळी केली, त्यात लॅपटॉप. रस्त्यावरचे चार जण थांबले. धनू लाजून दुकानाच्या पार आत जाऊन उभी.
काळा: पाऊण किलो. पाऊण! मी म्हटलं, एवढ्यात काय असणार, आतून पोकळच आहे हा. मग चंदेरी मोठा टांगला, हातभर पडदा, जागाही दांडगी. सव्वा किलो. दीडच्या आत. मग लहान कशाला घ्यायचा?
मालक, "काका, ह्या मोठ्याच्या खोक्यावर पावणेदोन लिहिलंय, वाचा."
मी, "खोक्यावर लोक काय वाट्टेल ते लिहितात. वीस वर्षं तेच पाहून राह्यलो."
धनू हळूच म्हणाली, "बाबा, मले लहान चालते." ऐकलं नाही. मोठा घेतला. परतताना मी आणि गजू भारी खुशीत होतो.
सौ.नं खोकं कपाटात ठेवून कुलूप लावलं. मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार चार दिवसांवर. लक्ष्मीपुढं ठेवल्याशिवाय चालू करायचा नाही. धनूनं हात जोडले, मी हात जोडले. उपयोग नाही.

११ डिसेंबर, सोमवार
करू नये ते केलं. सौ. वाणसामानाला गेली तशी किल्ली घेतली, लॅपटॉप खोक्यातून काढून टॉवेलात गुंडाळून ऑफिसात नेला. हेतू वाईट नव्हता. पोस्टाच्या काट्यावर ठेवायचा, सव्वा किलो पाहायचा, आणि बरं वाटून घ्यायचं.
१ किलो ७४० ग्रॅम.
काढला, पुन्हा ठेवला. ७४०. टॉवेल तर नाही ना खाली? नव्हता. पाचशेचं वजन ठेवून काटा तपासला, बरोबर पाचशे. आमचा काटा खोटं बोलत नाही. मग गजूचा?
दुकानदार खरं सांगत होता. खोक्यावर खरं होतं. धनू खरं म्हणत होती. फक्त मी एक शहाणा.
खोक्यात परत ठेवला. जेवण गेलं नाही. सौ.नं विचारलं, काय झालं? म्हटलं, पित्त.

१२ डिसेंबर, मंगळवार
धनूला सांगितलं. सांगताना तिच्याकडं पाहवलं नाही. वाटलं चिडेल, रडेल. ती विचारात पडली. "पण मामाचा काटा एवढा कसा चुकीन?"
गजूला काटा घेऊन बोलावलं. धनूनं एक किलोचा साखरेचा पुडा टांगला. काट्यावर अर्धा किलो. मग पुडा काढला आणि म्हणाली, "रिकामा असताना खूण कुठं आहे, पाहा." खूण दिसतच नव्हती. शून्याच्याही वर, नळीत दडलेली. "बाबा, हा झिरो एरर आहे. फिजिक्सचं पहिलंच प्रकरण."
गजूच्या डोक्यात तेव्हा उजेड पडला. वेचणीच्या बाया कापूस कापडात बांधून आणतात, मजुरी किलोवर. कापडाचं वजन दरवेळी वजा कोण करणार, म्हणून त्याच्या वडिलांनीच वरची चकती फिरवून काटा अर्धा किलो मागं घेऊन ठेवलाय. "मी पोट्टा होतो तवापासून असाच हाय, भाऊजी. माह्या ध्यानातच नाही आलं." आम्ही दोघं लॅपटॉप नाही, कापूसच मोजून आलो.
तेवढ्यात सौ. आतून आली. सगळं ऐकलं होतं. कपाटाची चोरी, पित्त, सगळं. मला वाटलं आता माझं काही खरं नाही. पण ती भावाकडं वळली. "बाया जुनं लुगडं आणतेत. ते अर्धा किलोचं असते काय रे?"
गजू खाली पाहत राहिला. म्हणाला, "बाबाच्या टायमाले गोणपाट असे." मग पान्हा मागून घेतला आणि आमच्याच ओसरीवर बसून चकती फिरवली, साखरेचा पुडा लावून लावून, एक किलोवर एक किलो येईपर्यंत. चहा नको म्हणाला.
तो गेल्यावर धनू: "राहू द्या हाच. पाव किलोचाच प्रश्न आहे न? मी डबा नाही नेत."
सकाळी आठला निघते, साडेपाचला येते. आणि डबा नेत नाही म्हणते. सौ. म्हणाली, "काही नाही, परत करा. डबा जाईनच." मला धनूचा एवढा राग आला, आणि राग खरा कोणावर होता ते मला ठाऊक आहे.

१३ डिसेंबर, बुधवार
दुकानात फोन. तीनदा लावला, चौथ्यांदा उचलला. जे झालं ते सगळं सांगितलं, चकतीसकट.  तिकडून खो खो हसणं. मी धरून राहिलो.
"काका, चालू केला का? एकदा चालू केला की परत घेता येत नाही."
"चालूच नाही केला. घरात गुरुवारची पूजा राह्यली."
"मग या. खोकं धड आहे ना? उद्याच या."
सौ.ला सांगितलं. "पाहा, लक्ष्मी," एवढंच म्हणाली. चार दिवस तिच्या त्या कुलपाला मनातल्या मनात काय काय म्हणत होतो. सगळे शब्द मागं घेतले. खरंच घेतले.

१४ डिसेंबर, गुरुवार
रजा टाकून सकाळच्या गाडीनं यवतमाळ. एकटाच. धनूची चाचणी होती. खोकं मांडीवर, दोन्ही हातांनी धरून, पोर धरल्यासारखं. शेजारचा विचारत होता, काय हाय? म्हटलं, नाजूक आहे.
दुकानात मालकानं खोकं उलटंपालटं केलं, आत पाहिलं, प्लास्टिक जसंच्या तसं. "झालं," म्हणाला. एका शब्दात. मी एवढी वाक्यं जुळवून गेलो होतो, सगळी वाया गेली. छातीवरचं ओझं उतरलं म्हणतात ते काय असतं ते आज कळलं, तिथंच स्टुलावर बसून घेतलं. दुकानातल्या पोरानं पाणी आणलं.
काळा लहान त्यानं स्वतःहून शेजारच्या सोनाराकडं नेऊन जोखून दाखवला. एक किलो दोनशे चाळीस. म्हणाला, "आता तरी इस्वास बसला न?" मी म्हटलं, खोक्यावरचं वाचलं तरी चाललं असतं. पुन्हा हसला. माणूस चांगला आहे.
तीनची गाडी भरलेली, उभ्यानं आलो. लॅपटॉप घटापुढं वेळेत पोचला. सौ.नं झाकणावर बोटभर कुंकू लावलंच. धनू: "आई, पडद्यावर नको." पडद्यावर नाही लावलं.
चालू झाला. मला वाटलं होतं आवाज करेल. काहीच आवाज नाही.

१८ डिसेंबर, सोमवार
आज पहिल्यांदा नेला. निघण्याआधी धनूनं बॅग भरून माझ्याकडं दिली, पोस्टात येऊनच पुढं स्टँडला गेली. दोन किलो तीनशे नव्वद. डब्यात दोन पोळ्या, बेसन, आणि सौ.नं हळूच टाकलेला पेढा. पेढ्यासकट नव्वद.
दिवसभर लक्ष लागलं नाही. एका रजिस्टरवर दोनदा शिक्का मारला.
संध्याकाळी: बॅटरी अजून अर्धी आहे. वर्गातली दोन पोरं बघायला आली म्हणे. दुखलं का विचारलं. "थोडं. पण पट्ट्यानं दुखलं, बॅगेनं नाही." आणि बसून लिहीत होती. अर्धा तास बसली. मी घड्याळ पाहत होतो.

२७ डिसेंबर, बुधवार
गजू आला. ट्रॅक्टरातून वाचलेल्या चार ओळींत तिसरी वेचणी करून घेतली, जेवढा निघाला तेवढा. बायांनी विचारलं म्हणे, आज काटा जास्त कायले दाखवून राह्यला? त्यानं सांगून टाकलं. हसल्या, आणि एक म्हातारी म्हणाली, आम्हाले ठाऊक होतं. एवढं सांगून जेवायला बसला. सौ.नं त्याला दोनदा वाढलं.
धनूनं मामाला लॅपटॉपवर हवामान दाखवलं, भाव दाखवले. भाव पाहून म्हणाला, बंद कर माय.

८ जानेवारी, सोमवार
एक अडचण. लॅपटॉपवर जागा भरत आली असं लिहून येतं. धनू म्हणते फोटो काढून टाकले की झालं. कुणाचे फोटो? मामाचे, काटा धरलेले, दुकानाच्या दारात. लपून उभी होती तिथून मोबाइलवर काढले होते तर! पाहिले. मी किती ताठ उभा आहे त्यात. ठेव म्हटलं, दुसरं काही काढ.
चाचणीचा निकाल, फिजिक्सला वर्गात दुसरी. सौ. आता आर्ट्सचं नाव काढत नाही.

१८ जानेवारी, गुरुवार
उद्या यवतमाळ. दीड महिना झाला, डॉ. पुन्हा फोटो काढणार. रजेचा अर्ज दिला. सौ.नं पट्टा धुऊन वाळत घातला, जसा काही डॉ. पट्टाच तपासणार आहे.
दीड महिना रोज साडेपाचला स्टँडवर जातो. गाडी येते, धनू उतरते, मी हात पुढं करतो, ती बॅग देते. आज दिली नाही. "राहू द्या बाबा, हलकी आहे." आणि चालायलाच लागली.
हात तसाच राहिला. मग खिशात घातला. तिच्या मागं मागं आलो. ती पुढं, दोन्ही पट्टे खांद्यावर. मागून निरखून पाहिलं, डावा खांदा अजून खाली आहे का. बाजार चौकापर्यंत वाटलं, आहे. पुढं वाटलं, नाही. पाण्याच्या टाकीपाशी तिनं वळून विचारलं, काय पाहून राह्यले? म्हटलं, काही नाही, चाल.
चालली. मीच मागं पडत होतो.