दोराखालचे हात

पनवेल,
ता. १४ नोव्हेंबर १९५७, गुरुवार

हौसास,

आशीर्वाद आहेतच, ते दरवेळी काय लिहायचे. निरोपावर निरोप धाडले, एकाचं उत्तर नाही. शेजारचा दादू एसटीतून उतरून मुद्दाम तुझ्या दारापर्यंत चालत आला, तर तू वाळत घातलेले बोंबील उलटत बसलीस आणि त्याच्याकडे पाठ केलीस. पाणी तरी विचारायचं. तुझी सासू त्याला म्हणाली, ‘ती आता त्यातली नाय.’ कशातली नाही? बाबांनी तालमीचं दार लावून तुला-मला दोराचा मल्लखांब शिकवला, गावाने नावं ठेवली, ते काय तू करंजाला जाऊन मासळी वाळवावी म्हणून?

इकडे सगळे बरे आहेत. आईचा खोकला आहे तसाच आहे. तळ्याजवळचा रस्ता खणून ठेवलाय, कधी बुजवतील देव जाणे.

मुलींचा वर्ग म्हणशील, तर वर्ग कसला. गोदू दोरावरून पडून दगावली तेव्हापासून तालमीचे पंच तुळशीराम यांनी बजावून ठेवलंय की दोराखाली दोन जाणत्या बायका उभ्या असल्याशिवाय एकही मुलगी वर जाणार नाही. बरोबरच आहे त्यांचं. पण तू निघून गेलीस, दुसरी बाई आणू कुठून? पोरी संध्याकाळी येतात, जोर काढतात, नमस्कार घालतात, आढ्याला गुंडाळून ठेवलेल्या दोराकडे बघतात आणि घरी जातात. निम्म्या यायच्या बंद झाल्या. त्यांना काय बोलू?

दिवाळीनंतर सोनाबाई आली. होय, गोदूची आई. डोक्यावर मासळीची पाटी आणि धाकट्या शांतीचा हात धरलेला. मी म्हटलं, ‘सोनाबाई, पोरीला घेऊन घरी जा.’

‘घरी जाऊन काय करू? ही कार्टी माडावर चढते, बंदरात डोलकाठीवर चढते. तिथं पडली तं खाली कोन हाय? इथं कोन तरी असंल.’ मग इकडेतिकडे बघून तिने विचारलं, ‘हौसा कुटं हाय?’

मी म्हटलं, येईल. तुझ्या वतीने खोटं बोलले.

आता पुढचं वाच आणि मधेच पत्र टाकून उठू नकोस. गेल्या सोमवारी मी शांतीला एकटीने वर चढवली. पंचांना न विचारता. ओरडायचं असेल तर इथे येऊन ओरड. पोर गोदूसारखीच आहे, पायाच्या अंगठ्यात दोर धरते आणि सरसर जाते. वर जाऊन उलटी झाली आणि दोराला घातलेली पायांची आढी सुटली. मी धरली. भुईला लागू दिली नाही. पण हौसा, आपण तिला धरलंय हे मला बघून कळलं. डाव्या हाताने काही सांगितलंच नाही. पोर रडायला लागली तेव्हा पाहिलं, माझी नखं तिच्या दंडात रुतलेली आणि रक्त आलेलं. मी दाबतेय की सोडतेय, मला पत्ता नाही.

श्रावणात भाकरी भाजताना बोट तव्याला लागलं ते वास आल्यावर समजलं होतं. तेव्हा म्हटलं, घट्टे पडलेत, दोर ओढून पडतातच. कोपरापाशी फिकट डाग आहे, तो उन्हाने पडला असं सगळ्यांना सांगते. उन्हाने नाही पडला. मंगळवारी डॉक्टरकडे गेले. त्याने डोळे मिटायला लावले, पिसाने बघितलं, सुईने बघितलं. मग हळू आवाजात बोलायला लागला. मी म्हटलं, हळू कशाला बोलता, नाव सांगा. त्याने सांगितलं. मी इथे लिहीत नाही. नेऱ्याच्या बाजूला गावाबाहेर काढलेली, बोटं झडलेली ती माणसं राहतात, त्यावरून काय ते समज. आता गोळ्या निघाल्यात म्हणाला, वर्षानुवर्षं घ्यायच्या. घेईन. पण पोरींना हात लावणार नाही. आईला अजून सांगितलेलं नाही.

तू म्हणशील, ‘ताई, माझ्या हातून गोदू सुटली.’ सुटली. ते मी खोटं करणार नाही, आणि तुला बरं वाटावं म्हणून देवाची मर्जी वगैरे लिहिणार नाही. तू हात पुढे केलास तो उशिरा केलास. जाताना तू म्हणालीस, ताई, अजून झोपेत तिचा दंड हाताला लागतो. तेव्हा मी तुला गप्प बस म्हटलं. लागतो ना? मग मला तोच हात पाहिजे. माझ्या हाताला शांती लागली नाही.

गंगाबाई शिंपीण आता तुझ्या जोडीला दुसरी म्हणून उभी राहायला तयार झालीय. अंगाने भक्कम आहे, पण कुठे बघायचं, कधी पुढे व्हायचं हे तिला शिकवावं लागेल. ते तुला येतं. चुकलेल्या बाईला तर जास्त येतं.

येत्या बुधवारी सोनाबाई मासळी घ्यायला करंजाला येणार आहे. तुझ्या दारात यायला मी तिला सांगितलंय. माझ्या हाताचं तिला माहीत नाही, तू सांगू नकोस. ती तुला एवढंच विचारेल, शांतीच्या खाली उभी राहशील का. हो किंवा नाही, जे असेल ते गोदूच्या आईला तोंडावर सांग. नाही म्हणालीस तर गुरुवारी दोर उतरवून पंचांच्या स्वाधीन करते आणि पोरींना घरी धाडते.

उत्तर बुधवारी. त्यापुढे मी थांबणार नाही.

तुझी ताई,
चंद्रावती