बॉनेटवरच्या रेघा

अहो,

आईंना परत आणायला निरगुडसरला मावशींकडे जाते आहे. पूजेचं कुंकू नव्या गाडीवर वाळून बसलं, म्हणून त्यांनी बॉनेट राखेनं आणि काथ्यानं घासलं. "समई उजळती, मग गाडी का न्हाई?" एवढंच त्या विचारत होत्या. तुम्ही सगळ्या आळीसमोर त्यांना बोललात, म्हणून त्या निघून गेल्या.

रेघा नखाला लागत नाहीत, म्हणजे वरच्या थरातच आहेत, निघतील. गाडी सावलीत घ्या. राख पाण्यानं पूर्ण जाऊ द्या. पत्रा गार आणि कोरडा झाला की पॉलिश लावा. स्वराजचे लहानपणीचे सुती लंगोट धुऊन कपाटात ठेवलेत, ते घ्या. आधी वीतभर करून पाहा. जोर लावू नका.

अर्धं बॉनेट तसंच ठेवा, ते आईंबरोबर करा. फडकं त्यांच्या हातात तुम्हीच द्या. दर वेळी तुम्हा दोघांच्या मध्ये मी बोलते. आज दमले आहे.

सोनल